खाजण, सडा आणि पेठेतले सहहिस्सेदार

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या किनारी निसर्गाची चर्चा पुण्याच्या शनिवार पेठेत व्हावी, हे वरवर दिसते तितके विसंगत नाही. ज्या वाड्यामुळे या पेठेचे नाव सर्वतोमुखी झाले, त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला तो मूळच्या श्रीवर्धनच्या भट घराण्यातील पहिल्या बाजीरावाच्या कारकिर्दीत. आणि त्याच वाड्यातून पुढे ज्यांनी राज्याचा कारभार हाकला त्या नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणजे सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या दक्षिणेला वसलेले वेळास. (आज वेळासला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना नानांपेक्षा तिथल्या कासवांची माहिती अधिक असते, हा भाग वेगळा.) पेशवाईत आणि पेशवाईनंतरही घाट चढून आलेली अनेक कुटुंबे पेठेत स्थिरावली, पण गावाकडच्या जमिनीवरची त्यांची नावे तशीच राहिली. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने आणि त्याच सुमाराच्या कूळ कायद्याने भाताची बरीच जमीन कसणाऱ्यांकडे गेली. मागे उरले ते फारसा कोणाला रस नसलेले तुकडे, म्हणजे भरतीचे पाणी जिथवर चढते ती खाजणे आणि ज्यावर नांगर चालत नाही ते कातळाचे सडे. सातबारा, म्हणजे जमिनीची मालकी आणि पीकपाणी एकत्र नोंदवणारा महसुली उतारा, पाहिला तर अशा एकेका तुकड्यापुढे दहा-वीस सहहिस्सेदारांची नावे आढळतात आणि त्यांतले कित्येक पुण्या-मुंबईत असतात. एखाद्या जीवाला अन्न, आसरा आणि वीण यांसाठी जी जागा लागते तिला अधिवास म्हणतात. किनारी कोकणातले काही सर्वांत मोलाचे अधिवास नेमके याच नकोशा तुकड्यांवर टिकले आहेत. त्यामुळे त्यांचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न पेठेतल्या एखाद्या घरात निघतो तेव्हा तो निसर्गप्रेमाचा कमी आणि वाटणीचा जास्त असतो.

पुढील संवादातले दोघे कल्पित आहेत. वाद मात्र कल्पित नाही. दोघे चुलतभाऊ. धाकटा ओंकारेश्वराच्या बाजूला, मुठेच्या काठी वाढलेला वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. थोरला गावीच राहून हापूसची बाग आणि खाडीकाठची खारजमीन सांभाळणारा बागाईतदार, ज्याला धाकटा घरच्या रीतीप्रमाणे ‘दादा’ म्हणतो आणि अहोजाहो करतो. दादा वर्षा-सहा महिन्यांनी कामाकरिता पुण्यास येतात तेव्हा बोलणे कुठूनही सुरू झाले तरी खाजणावर येऊन ठेपते.

खाजण ही खाडीच्या दोन्ही अंगांची सखल, चिखलाची जमीन. पूर्वजांनी तिच्या समुद्राकडच्या बाजूला मातीचा बांध घालून आत भाताचे शेत काढले आणि बांधात जागोजाग उघाड्या बसवल्या. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारी लाकडी झडप. ओहोटी लागली की आतल्या गोड्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर ढकलली जाते आणि पावसाचे साठलेले पाणी खाडीत निघून जाते. भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. या व्यवस्थेला इंधन लागत नाही, पण माणसे लागतात. खेकडे बांधाला बिळे पाडतात, त्यांतून पाझर सुरू होतो, आणि पाझर वेळीच बुजवला नाही तर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खांड पडते. गावात हात होते तोवर बांधाची डागडुजी हे सर्वांचे काम होते. तरुण मुंबईला गेले, बांध सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेले, आणि १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने कागदावर व्यवस्था चोख झाली तरी पाझर बुजवायला ऐन वेळी धावणारे कोणी राहिले नाही.

दादांच्या तक्रारीचे मूळ इथे आहे. एकदा खांड पडली की दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी आत येते, त्याबरोबर कांदळाची रुजलेली रोपे वाहत येतात, आणि तीन-चार वर्षांत शेताचे रान होते. “त्यानंतर बांध पुन्हा घालायचा म्हटले, तर आतली झाडे काढावी लागतात, आणि झाड काढले की गुन्हा. शेत आमचे, सातबारा आमचा, शेतसाराही आम्हीच भरला, पण आत जायचे तर कोयता घरी ठेवून.” मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशाने राज्यभरातील कांदळवनाची तोड थांबवली, त्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा आघात ठरवला. जमीन सरकारी असो वा खाजगी, बंदी सारखीच आहे.

प्राध्यापकांना या निकालात काही वावगे दिसत नाही. त्यांच्या मते दादा ज्याला गेलेले शेत म्हणतात, ते खाडीच्या दृष्टीने परत आलेले रान आहे. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात आणि प्राणवायू नसलेल्या चिखलात जगू शकणाऱ्या निरनिराळ्या कुळांतील झाडांचा समूह. तिवर, कांदळ, चिप्पी, झुंबर, काजळा ही त्यांतली कोकणात सहज भेटणारी मंडळी, आणि त्यांपैकी पांढरी चिप्पी हिला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिवराच्या आडव्या मुळांतून बोटाएवढे कोंब चिखलाबाहेर सरळ वर येतात; ती श्वसनमुळे होत, कारण खालच्या चिखलात मुळांना श्वास घेता येत नाही. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखे लांब, खाली टोकदार असे रोप होऊन गळते, म्हणजे ओहोटीला पडले तर तिथेच रुतावे आणि भरतीला पडले तर तरंगत दुसरीकडे जावे. या मुळांच्या जाळ्यात निवटी नावाचा मासा परांच्या आधाराने चिखलावर चालतो, नर खेकडा आपला एकच मोठा आकडा वरखाली हलवून मादीला बोलावतो, पाणमांजरे पहाटे माशांच्या मागावर येतात. आणि माणसाच्या ताटाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्ले वाढण्यासाठी इथे आश्रयाला येतात. “दादा, तुमच्या दोन खंडी भाताच्या बदल्यात खाडीतल्या किती जाळ्यांची कोळंबी वाढते, याचा हिशेब कोणी घातला आहे का?”

दादांचे उत्तर तयार होते. कोळंबी पकडणारा वेगळा, भात गमावणारा वेगळा. हिशेब घातलाच तर एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालण्याचा निघेल, आणि तोही न विचारता. सरकारने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, २०१७ पासून कांदळवनाच्या आधाराने खेकडापालन, कालवपालन अशा उपजीविकांसाठी गटांना मोठे अनुदान देण्याची योजना आणली, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने कांदळवनातून होडीची सफर सुरू करून ती नावारूपाला आणली, हे सारे त्यांना मान्य आहे. पण ज्याचे शेत गेले तो या योजनेत शेतमालक म्हणून कुठेच नाही. गटात शिरला तर खेकडे पाळणारा म्हणून, एरवी नाही.

इथे दादांची बाजू वजनदार आहे, हे मान्य करणे भाग आहे. न्यायालयापुढचा मूळ वाद मुंबईचा होता. तिथे भराव घालून खाडी गिळणारा बांधकाम व्यवसाय ही खरी धास्ती होती आणि त्यावर सरसकट बंदीखेरीज दुसरा उतारा चालला नसता. तीच बंदी शेकडो किलोमीटर दक्षिणेला, जिथे माणूस खाडीला मागे ढकलत नसून खाडीच माणसाला मागे ढकलत आहे, तिथे जशीच्या तशी लागू झाली. उलट, प्राध्यापकांनी एक गोष्ट दाखवून दिली तीही टाळता येण्यासारखी नाही: ज्या खारजमिनीचा बांध अजून शाबूत आहे तिथेही भात पिकवणारे हात कमी होत आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे पनवेल मालिकेतले वाण काढले, तरी पेरणार कोण, हा प्रश्न वाणाने सुटत नाही. खाऱ्या पाण्याने एकदा भिजलेली जमीन गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. तेव्हा शेतमालकाला भरपाई द्यावी, पण शेत परत देऊ नये, हे प्राध्यापकांचे म्हणणे. दादांना भरपाई नको, बांध हवा. या मुद्द्यावर दोघे हलले नाहीत.

मालवणच्या समुद्राबद्दल त्यांचे तसे नव्हते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा हा पट्टा प्रवाळ, समुद्री शेवाळ आणि खडकाळ तळावर जगणाऱ्या असंख्य जीवांसाठी राखून ठेवावा असा त्यामागचा हेतू. गाबीत आणि इतर मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण अभयारण्याची रेषा त्यांच्या मासेमारीच्या पाण्यावरूनच गेली होती. दादांच्या मते हा विरोध रास्त होता: “रापण ओढणाऱ्याला अभयारण्य शिकवायला गेले, आणि खोल समुद्रात तळ खरवडणाऱ्याला कोणी हटकले नाही.” रापण ही किनाऱ्यावरून ओढायची लांबलचक जाळी, होडीने ती समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, दोन्ही टोके किनाऱ्यावर ठेवून वाडीतली माणसे ती हाताने ओढतात, आणि जे बांगडे, तारली, पेडवे मिळतील त्यांचे जाळीच्या, होडीच्या आणि हातांच्या हिशेबाने वाटे पडतात. तिच्या आवाक्यात किनाऱ्यालगतचे पाणी तेवढे येते. उलट ट्रॉलर तळाशी जाळे ओढत जातो आणि पर्ससीन नेट माशांच्या अख्ख्या थव्याला पिशवीत घालते.

प्राध्यापक इथे पूर्णपणे दादांच्या बाजूला गेले. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी बंद केली. दोन्ही नियम मोडले जातात ही तक्रार किनाऱ्यावर सतत ऐकू येते, आणि त्यामुळे नियम चुकीचे ठरत नाहीत. त्यांना विशेष रस वाटला तो जाळ्याच्या आसाच्या आकारात. आस म्हणजे जाळ्याचे भोक. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीतले शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ओढ बसली की आवळून मिटतात आणि चिंगळ्या, लहान मासे, सारे आत अडकते. ४० मिलिमीटरच्या चौरस आसाची पिशवी लावली तर ओढ बसूनही भोके उघडी राहतात आणि लहान मासा निसटतो. सिंधुदुर्गात राबवलेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पात या पिशवीचा प्रसार झाला. दादांनी त्यात भर घातली ती २०१८ च्या शासन निर्णयाची: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर छायाचित्राचा पुरावा दिल्यावर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. “हा खरा कायदा. जाळे फाटले ते कोणाचे, हे आधी विचारतो.”

वेळासच्या कासवांवरही दोघांचे जमले असते, पण दादांनी तिथे अनपेक्षित फाटा काढला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल घडा खणते, त्यात शंभरावर अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात, आणि त्यांतली नर किती, मादी किती हे घड्यातल्या उष्णतेवर ठरते: साधारण २९-३० अंशांच्या वर मादी अधिक, खाली नर अधिक. एके काळी ही अंडी माणसे, कुत्रे आणि कोल्हे मिळून संपवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासमध्ये अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी हलवण्याचे काम सुरू केले, गावातलीच माणसे राखणीला उभी राहिली, पुढे कासव महोत्सव आणि घरगुती निवासाची सोय यांमुळे गावात चार पैसे येऊ लागले, आणि हा प्रयोग इतर अनेक किनाऱ्यांवर पोचला. संवर्धनाच्या प्रत्येक व्याख्यानात हे उदाहरण येते. प्राध्यापकांनीही ते दिले.

“वाळूला सातबारा नसतो,” दादा म्हणाले, “म्हणून ते जमले.” कासव वाचवताना कोणाचे शेत गेले नाही, कोणाचे कूळ उठले नाही, कोणाच्या बागेत काही शिरले नाही, अंडी विकून मिळणारा पैसा किरकोळ होता आणि त्याहून जास्त पैसा पाहुण्यांकडून येऊ लागला. तेव्हा वेळासचा धडा खाजणाला लावू नये. आणि हाच न्याय वानरांना कोणी लावून दाखवावा, असेही त्यांनी सुनावले: हापूसच्या कैऱ्या अर्ध्या खाऊन टाकणाऱ्या, नारळाची कोवळी शहाळी पाडणाऱ्या कळपांपुढे कासव महोत्सवासारखा वानर महोत्सव भरवता येत नाही. प्राध्यापकांनी हिमाचल प्रदेशातील माकडांच्या नसबंदीचा दाखला देऊन पाहिला, पण तो त्यांना स्वतःलाच पुरेसा वाटला नसावा. वाळूबद्दल मात्र त्यांनी दुरुस्ती सुचवली. किनाऱ्याला सातबारा नसला तरी किनाऱ्याच्या मागच्या पट्ट्याला आहे. तिथे हॉटेलांचे दिवे लागले, मर्यादवेलीने धरून ठेवलेली वाळूची टेकाडे सपाट झाली, धूप थांबवायला दगडी बंधारे उभे राहिले, की मादीला चढायला जागा उरत नाही. ओडिशात २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा असा प्रवास करणारा जीव एखाद्या गावाच्या राखणीवर सोडून भागत नाही.

एवढे बोलणे झाल्यावर कामाचा विषय निघाला. गावच्या सड्याचा एक सामाईक तुकडा घेऊ इच्छिणाऱ्या मध्यस्थाने सर्व सहहिस्सेदारांकडे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे विक्रीचे अधिकार एका व्यक्तीकडे सोपवणारा दस्त, पाठवले होते. पेठेतली सही तेवढी बाकी होती.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. महसूल खाते त्याची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी, अशी करते, आणि दिवाळीपासून मेपर्यंत पाहणाऱ्याला ती पटते. पावसाळ्यात त्याच कातळावर पाण्याची शेकडो लहानमोठी डबकी होतात, फटींत बोटभर माती साचते, आणि तेवढ्या मातीत गेंद, हबेनारियाच्या जातीचे ऑर्किड, कोकणाबाहेर जवळपास न आढळणारी दिपकाडी, सीतेची आसवे अशी फुले उमलतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी नाजूक फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. तिच्या पाण्याखालच्या धाग्यांवर मोहरीपेक्षा लहान पिशव्या असतात, पिशवीच्या तोंडाच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की ती क्षणात उघडते, पाण्यासकट त्याला आत ओढते आणि मिटते. धुऊन निघालेल्या कातळावर नत्र मिळत नाही म्हणून तिला ही शिकार करावी लागते. त्याच डबक्यांत बेडकांची वीण होते, दगडांखाली फुरसे राहते, आणि गवतात टिटव्या व चंडोल घरटी करतात. पावसानंतर दोन-तीन महिन्यांत हा सारा पसारा बिया, अंडी आणि कंद यांच्या रूपाने कातळाच्या फटींत दडतो, आणि सरकारी नोंद पुन्हा खरी वाटू लागते.

याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या आडव्या, माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठ्या आकृती. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी यांसह काही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत कोकणातून केव्हाच नाहीशा झालेल्या गेंड्याची आकृतीही अभ्यासकांनी ओळखली आहे. प्राध्यापकांनी त्यांना कोकणच्या वन्यजीवांची पहिली नोंदवही म्हटले. दादांना त्याचे अप्रूप नव्हते. बारसूच्या सड्याचे नाव राज्यभर झाले ते रिफायनरीच्या वादाने, शिल्पांमुळे नव्हे, एवढेच ते म्हणाले.

प्राध्यापक सही न करण्यावर ठाम होते. त्यांचे म्हणणे असे की सडा गेल्यावर एक तर चिऱ्याची खाण लागेल, नाही तर सुरुंग लावून खड्डे खणले जातील, बाहेरची माती भरून कलमे लागतील, आणि डबकी बुजतील. एकदा तासलेला कातळ पुन्हा तयार होत नाही. त्यावर दादांनी जे सांगितले ते या साऱ्या चर्चेतले सर्वांत विचार करण्याजोगे वाक्य ठरावे. “सडा आजवर राखला तो ना तुझ्या कायद्याने, ना आमच्या भक्तीने. राखला भाऊबंदकीने.” सामाईक उताऱ्यावरच्या वीस जणांचे एकमत कधी होत नाही, म्हणून विक्री होत नाही, वाटणी मोजून घ्यायला खर्च येतो, म्हणून कुंपण पडत नाही, कोणाचा हिस्सा कुठे हेच ठरलेले नसल्याने एकटा कोणी कलमे लावत नाही. कोकणातले कितीतरी उघडे सडे असे भांडणाच्या आडोशाला टिकले आहेत. कुलमुखत्यारपत्राने नेमका तोच आडोसा जातो. परंतु दादांनी यापुढचा प्रश्नही विचारला: पुण्यातल्या भावाने सही नाकारली तर त्याचे काहीच जात नाही. सड्याला वणवा लागतो तेव्हा झोडपायला वाडीतली माणसे जातात, हिस्सेदार जात नाहीत. विक्रीचा पैसा मिळाला असता तर ज्याच्या घराला तो लागला असता, तो माणूस इथे नसतो. दुसऱ्याच्या गरजेवर उभे राहून पुण्य करणे सोपे असते.

प्राध्यापकांना याचे उत्तर पाण्यात सापडले. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपतो आणि खालच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने निघतो. वाडीच्या विहिरी आणि पोफळीची आगरे त्यावर चालतात. दादांनी ते नाकारले नाही. शेजारच्या गावात खाण लागल्यावर खालच्या झऱ्याला एप्रिलमध्ये पाणी येईनासे झाले हे त्यांनी पाहिले होते, आणि विक्रीबद्दल त्यांचा स्वतःचा कल किती कच्चा होता, हे एव्हाना दिसू लागले होते.

मग विक्रीऐवजी दुसऱ्या एका प्रस्तावाचा मसुदा निघाला. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमानुसार राज्य सरकार स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने एखाद्या जागेला जैविक वारसास्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्गातच याची दोन उदाहरणे २०२१ मध्ये झाली: आंबोलीतील महादेवाच्या मंदिराचे कुंड व परिसर, जिथे हिरण्यकेशी या नावाची माशाची नवी जात सापडली होती, आणि दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील देवराईतली रानजायफळांची दलदल. दोन्ही जागा लहान, दोन्ही देवाच्या, आणि दोन्हींना गावाने पिढ्यान्पिढ्या हात लावला नव्हता. सड्यावर देव नाही, ही दादांची पहिली शंका. दुसरी अशी की वारसास्थळ म्हणजे आणखी एक खाजण, जिथे मालकाने नुसते पाहत राहायचे. म्हणून त्यांनी अटी सांगितल्या आणि प्राध्यापकांनी त्या उतरवून घेतल्या: चिऱ्याची खाण कायमची बंद, आधीची कलमे आहेत तिथे राहतील, नवीन लागणार नाहीत, वणव्याविरुद्ध जाळरेषा काढण्याचा खर्च सर्व सहहिस्सेदार हिस्सेराशी देतील, पुणेकरही, आणि वाडीच्या गुरांना चराई पूर्वीप्रमाणे खुली राहील.

शेवटच्या अटीवर प्राध्यापकांची लेखणी अडली. गुरांच्या खुरांखाली फुले तुडवली जातात, तेव्हा चराई दिवाळीनंतर ठेवावी, असे त्यांना वाटत होते. दादांनी कासच्या पठाराची आठवण दिली: तिथे कुंपण घातले, चराई थांबली, उंच गवत माजून फुले कमी झाल्याची ओरड झाली, आणि अखेर कुंपण काढावे लागले. प्राध्यापकांना हे प्रकरण ठाऊक होते, त्यांच्याच क्षेत्रातले होते. शिवाय दादांनी गणिताची दुसरी बाजू दाखवली: पावसाळ्यात खालची सगळी शेते भाताने भरलेली असतात, तेव्हा गुरांना सड्याशिवाय जागाच नसते, दिवाळीनंतर कापणी झाल्यावर ती शेतांत मोकाट चरतात आणि सड्याकडे फिरकतही नाहीत. म्हणजे प्राध्यापकांनी जो काळ मोकळा ठेवला होता त्यात गुरांना सडा नको होता, आणि जो बंद केला होता त्यातच हवा होता. चराईच्या कलमासमोरची जागा त्या दिवशी कोरी राहिली. ती किती गुरांपर्यंत चालेल हे ठरवायला आधी वाडीत गुरे उरली किती हे मोजायला हवे, आणि ते काम गावी परत गेल्यावर करण्याचे दादांनी कबूल केले.